साक्षीदाराचा पत्ता

कार्ड डेल्फिनच्या नावाने आलं होतं. नॉर्बर्ट शिमान्स्कीने बाकीच्या टपालाबरोबर ते दारातच उभ्या उभ्या चाळलं. आधी पन्हळी साफ करून देणाऱ्याची जाहिरात, मग चर्चचं पत्रक, मग दोन्ही बाजूंच्या उमेदवारांचे दात दाखवणारे चकचकीत कागद आणि या सगळ्याच्या मध्ये हे साधं पांढरं कार्ड. वर छापलं होतं, 'श्रीमती डेल्फिन शिमान्स्की, गैरहजर मतदार'. तिला जाऊन अकरा दिवस झाले होते. सरकारला इतक्या लवकर कसं कळलं, असं त्याच्या मनात आलं, आणि आपल्याला हे सुचावं याचाच त्याला राग आला. मग पोस्टाने मत देणाऱ्याला सरकार असंच म्हणतं हे त्याला आठवलं, आणि त्याने चष्मा लावून खालचा मजकूर वाचला. आपली मतपत्रिका पोचली आहे. पाकिटावर मतदाराची सही आहे, साक्षीदाराचीही सही आहे, परंतु साक्षीदाराचा पत्ता लिहिलेला नाही. पत्त्याशिवाय हे पाकीट मोजणीत घेता येत नाही. तरी साक्षीदाराने निवडणूक कार्यालयात येऊन पत्ता पुरा करावा. तळाशी कुणीतरी निळ्या शाईने हाताने लिहिलं होतं, 'कृपया लवकर या', आणि त्याखाली रेघ मारली होती. साक्षीदार तो स्वतः होता.

तो कोट न काढताच स्वयंपाकघरात येऊन बसला. राग ही नॉर्बर्टच्या बाबतीत काही नवलाची गोष्ट नव्हती. इतरांना भूक लागते तसा त्याला राग यायचा, रोज आणि ठरल्या वेळी. पण दर वेळी त्या रागाला समोर कुणीतरी लागायचं, आणि आज त्याने शोधून पाहिलं तर कुणी सापडेना. कार्यालयाने सभ्यपणे कळवलं होतं. पोस्टाने पाकीट वेळेत पोचवलं होतं. 'कृपया' लिहिणाऱ्या त्या अनोळखी माणसावर रागवायचा त्याने प्रयत्न केला, तोही जमला नाही. उरला एकच माणूस, आणि त्याच्यावर रागवायची नॉर्बर्टला सवय नव्हती. एकतीस वर्षं तो शहराचा लिफ्ट तपासनीस होता. दोर, ब्रेक, दाराचे खटके, खाली खड्ड्यातले धक्का झेलणारे बफर, एकेक गोष्ट डोळ्यांनी बघून आणि हाताने चाचपून मगच तो लिफ्टमधल्या काचेमागच्या कार्डावर सही करायचा. ती सही कुणालाही वाचता यायची, शिमान्स्कीतलं एकेक अक्षर सुटं. न बघता सही ठोकणाऱ्यांना तो खुनी म्हणायचा, आणि म्हणताना आवाजसुद्धा चढवायचा नाही. असा माणूस आपल्या बायकोच्या शेवटच्या मतावर अर्धवट सही करून मोकळा झाला होता. घराचा नंबर लिहायचा राहिला होता त्याचा. सत्तेचाळीस वर्षं ज्या घरात राहिला, त्या घराचा.

फ्रिजवरचा रेडिओ चालू होता. गेले तीन आठवडे रेडिओवरची बाई रोज एक आकडा सांगायची, शहरात काल संध्याकाळपर्यंत किती पाकिटं परत आली त्याचा. आधी नऊ हजार, मग एकवीस, आता एकेचाळीस हजार सहाशे. शिवाय गेल्या दोन दिवसांपासून प्रत्यक्ष येऊन मुदतीआधी मत देणाऱ्यांच्याही रांगा लागल्या होत्या, आणि बाई त्या रांगांबद्दल अशा कौतुकाने बोलायची जणू लोक रक्तदानाला आलेत. नॉर्बर्टला तो आकडा अंगावर यायचा. मत द्यायचं ते मतदानाच्या दिवशी, मंगळवारी, चर्चच्या तळघरात, अंगावर कोट घालून रांगेत उभं राहून, पुढच्याच्या मानेकडे बघत. बाकी सगळा पळपुटेपणा किंवा चोरी. पोस्टाने मत सैनिकांनी द्यावं, आजाऱ्यांनी द्यावं. एकेचाळीस हजार आजारी आहेत का या गावात? आणि त्यात मेलेले किती? हा मेलेल्यांचा विषय त्याचा खास होता. मेलेली माणसं मतं देतात, यादीत त्यांची नावं तशीच असतात, कुणीतरी त्यांच्या नावाने पाकिटं भरून टाकतं, हे तो आठ वर्षं या टेबलावर बसून सांगत आला होता. त्याच्याकडे कात्रणं होती. डेल्फिन बटाटे सोलता सोलता ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "नॉर्ब, मेलेली बाईसुद्धा तुझ्यापेक्षा विचार करून मत देईल." मग तो उठून अंगणात जायचा, आणि थंडी वाजली की परत यायचा.

ती आजारी होती, म्हणून तिचं पाकीट त्याने मान्य केलं होतं. मान्य केलं म्हणजे आडवा आला नाही, एवढंच. सप्टेंबरपासून तिच्या नाकात प्राणवायूची नळी होती आणि घरभर त्या यंत्राची घरघर. डेल्फिन एकोणतीस वर्षं शाळेच्या कचेरीत हजेरीचं काम करायची. सकाळी साडेनऊला वर्गावर्गातून चिठ्ठ्या आल्या की जी मुलं आली नाहीत त्यांच्या घरी ती स्वतः फोन लावायची. ताप आहे का, की झोपू दिलंय? आजीकडे गेलाय म्हणता, मग आजीचा नंबर द्या. फोन लागल्याशिवाय ती कुठल्याही मुलाच्या नावापुढे गैरहजर लिहायची नाही. मुख्याध्यापक चिडायचे, यादी बाराला जायची. निवृत्त झाल्यावरही बाजारात दाढीमिशा आलेले बाप्ये तिला थांबवून म्हणायचे, मिसेस शिमान्स्की, तुमच्या फोनमुळे आमच्या आईने आम्हाला चपलेने हाणलं होतं. आणि त्या बाईला आता कार्डावर छापून आलं होतं, गैरहजर. नॉर्बर्टने कार्ड टेबलावर पालथं टाकलं. मागच्या बाजूला कार्यालयाच्या वेळा होत्या.

तो रविवार त्याला आठवायचा नव्हता, म्हणून तो बारकाव्यांसकट आठवला. बाहेरच्या खोलीत टीव्हीवर फुटबॉलचा सामना चालू होता, त्याचा पॅकर्स संघ चार गुणांनी मागे, आणि आतून तिची हाक आली, "नॉर्ब, ये रे जरा, साक्षीदार हवाय." तो जाहिराती लागल्यावर गेला. टेबलावर मतपत्रिका होती, आणि त्याला दिसू नये म्हणून तिने तिच्यापुढे पाककृतींचं जाड पुस्तक उभं करून ठेवलं होतं, शाळेतली हुशार पोरगी शेजारणीपासून पेपर झाकते तसं. "तिकडे बघ," ती म्हणाली. "साक्षीदाराने मी भरतेय एवढंच बघायचं असतं. काय भरतेय ते नाही." "मग मी बघू की नको बघू?" "मला बघ, कागद नको." पण तो फ्रिजकडे तोंड करून उभा राहिला, हाताची घडी घालून. तिला काय बघायचं, असं वाटलं त्याला. शिवाय त्याला माहीत होतं ती कुणाला मत देणार ते, आणि त्याला ते बघवलंही नसतं. ती नावांपुढचा एकेक गोल रंगवत होती. मध्येच थांबून श्वास घेत होती, नळीतून बारीक शीळ यायची. फार वेळ लागला. तिसरा भाग सुरू झाल्याचा आवाज आला आणि तो म्हणाला, "आटप ना, डेल. काय घटना लिहितेयस का?" तिने कागद पाकिटात घातला, चिकटवलं, सही केली, पाकीट त्याच्यापुढे सरकवलं. त्याने उभ्याउभ्याच सही केली. "पत्ता पण लिही," ती म्हणाली. "लिहितो," तो म्हणाला. बाहेरच्या खोलीत एकदम गलका झाला, आणि तो धावला. पॅकर्स तो सामना हरले. सोमवारी सकाळी पाकीट वाचनालयासमोरच्या पेटीत त्यानेच टाकलं, आणि टाकताना त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी रेडिओवर आकडा आला तेव्हा ती म्हणाली होती, "त्यात एक मी." एवढ्याशा गोष्टीने तिचा चेहरा उजळला होता, आणि तो त्यावर काहीतरी टोचून बोलला होता. काय, ते मात्र आता आठवत नव्हतं. बाकी सगळं आठवत होतं आणि नेमकं ते नाही.

शनिवारी तिला रुग्णालयात न्यावं लागलं. रविवारी सकाळी ती गेली तेव्हा तो खोलीत नव्हता. रुग्णालयातली लिफ्ट मजल्याला बरोबर थांबत नव्हती, दोन बोटं खाली राहत होती. एवढ्या फरकात चाकाची खुर्ची अडकते, म्हातारं माणूस ठेचकाळतं. तो खाली चौकशीच्या खिडकीशी जाऊन तिथल्या पोरीला ते समजावून सांगत होता, आणि ती नुसतीच मान हलवत होती म्हणून पुन्हा समजावून सांगत होता. वर आला तर नर्स दारातच उभी. आत्ताच, ती म्हणाली. दोन मिनिटं झाली असतील. यालासुद्धा तो साक्षीदार नव्हता. पुढचं सगळं अंत्यसंस्कारवाल्या माणसाने केलं. त्याने डेल्फिनचा सरकारी ओळख नंबर लिहून घेतला आणि म्हणाला, तुम्ही कुठे कळवत बसू नका, जिथे जिथे कळवायचं असतं तिथे आमच्याकडून आपोआप जातं. तेव्हा नॉर्बर्टला ती सोय वाटली होती.

चारच्या सुमाराला बर्निस आली. डेल्फिनची थोरली बहीण, मागच्या गल्लीत राहणारी, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिच्याकडे घराची किल्ली होती आणि बेल वाजवण्यावर तिचा विश्वास नव्हता. अकरा दिवस ती रोज काहीतरी शिजवून आणत होती आणि रोज कालचं न खाल्लेलं भांडं परत नेत होती. आज तिने नूडल्स आणि ट्यूना घालून भाजलेलं काहीतरी ओट्यावर आदळलं आणि सरळ कार्ड उचललं.

"हे काय?"

"वाच की. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय ना तुझ्या."

तिने वाचलं. दोनदा वाचलं. "साक्षीदार कोण होतं?"

"पोप."

"नॉर्बर्ट."

"मी! मी होतो. झालं समाधान?"

"आणि पत्ता घातला नाहीस." बर्निसने खुर्ची ओढली. "स्वतःचा पत्ता आठवेना होय? मला फोन करायचास, मी सांगितला असता."

"सामना चालू होता."

"सामना चालू होता," बर्निस म्हणाली. तिने कार्ड टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, "तुला बरंच झालं म्हणा. तिचं गेलं, तुझं राहिलं. एकदाचा जिंकलास बाबा."

तो उठला. खुर्ची मागे पडली. त्याला ओरडायचं होतं, पण घशातून जे आलं ते ओरडणं नव्हतं आणि रडणंही नव्हतं, आणि बर्निस घाबरून अर्धवट उभी राहिली. कारण तिने म्हटलं ते त्यानेच, कार्ड वाचल्यावर, अगदी पहिल्या क्षणात, मनात म्हटलेलं होतं. एका क्षणापुरतं. एक गेलं त्यांचं. हे त्याच्या डोक्यात आपसूक आलं होतं, इतक्या वर्षांच्या सवयीने, शिंक यावी तसं, आणि ते आलं याबद्दल तो स्वतःला उभ्या आयुष्यात माफ करणार नव्हता. आणि बर्निसलाही करणार नव्हता, तिने ते ओळखलं म्हणून.

"बस खाली," बर्निस म्हणाली. "चुकले मी. बस. आणि उद्या सकाळी जाऊन तो पत्ता लिहून ये."

"लिहून काय उपयोग? तुला कायदा माहिती आहे का? मतदानाच्या दिवसाआधी माणूस गेला तर त्याचं पाकीट बाजूला काढतात. फोडतसुद्धा नाहीत."

"तिने दिलं तेव्हा ती जिवंत होती."

"ते कायद्याला सांग."

"पण त्यांना कोण सांगणार आहे?"

"यादी येते त्यांच्याकडे, गेलेल्यांची."

"आली तर आली. यादी येईल तेव्हा येईल. मी तुला विचारतेय. तू सांगणार आहेस?"

"बर्निस, मी आठ वर्षं घसा फोडून हेच बोलतोय. मेलेल्यांच्या नावाने मतं पडतात म्हणून. इथेच बसून. तू पण होतीस."

"होते ना. पानात वाढलेलं निवून जायचं तुझ्यापायी. मला सांग, तुझ्या त्या मेलेल्या मतदारांपैकी एक तरी तुला कधी भेटला होता?"

"नाही."

"मग आता भेटली," बर्निस म्हणाली आणि कालचं भांडं उचलून निघून गेली.

त्याने पडलेली खुर्ची उचलली आणि बसला. अंधार पडायला लागला तरी त्याने दिवा लावला नाही. त्यांचं सुरुवातीला असं नव्हतं. लग्नानंतर कितीतरी वर्षं दोघं एकाच बाजूला मत देत होते, त्याचे वडील द्यायचे त्या बाजूला, आणि त्यावर बोलायचं काही कारणच नव्हतं, नळाच्या पाण्यावर काय बोलायचं? मग तो हळूहळू पलीकडे सरकला, की ती सरकली, यावरही त्यांची भांडणं झाली होती. मी आहे तिथेच आहे, असं दोघंही म्हणायचे. शेवटच्या दोन निवडणुकांना तर ते एकाच गाडीतून चर्चपर्यंत जायचे, एकाच रांगेत उभे राहायचे, एकमेकांचं मत खोडून यायचे आणि परत येताना, नोव्हेंबरच्या थंडीत, गोठवलेल्या कस्टर्डच्या दुकानापाशी थांबायचे. "तुझं वजा माझं," ती म्हणायची, "शून्य. आपण दोघं घरी बसलो असतो तरी देशाला पत्ता लागला नसता." तो म्हणायचा, मग पुढच्या वेळी बसू घरी. ती म्हणायची, "तू बस. मी जाणार." आणि तो बसणार नव्हता, कारण ती जाणार होती. आता पहिल्यांदाच असं होणार होतं की तो एकटा जाईल, त्याचं मत देईल, आणि ते कुणी खोडणार नाही. पुरं एक मत. याचसाठी तर तो इतकी वर्षं भांडत होता. मग हे इतकं अभद्र का वाटत होतं?

आणि आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे तो वळायला तयार नव्हता. सप्टेंबरात कधीतरी, नळी नवीन होती तेव्हा, ती म्हणाली होती, "या वेळी मी काय करणार ते तुला नाही सांगणार." "मला माहिती आहे तू काय करणार ते." "तुला वाटतं," ती म्हणाली होती. त्याने पुढे विचारलं नाही. त्याला ती चेष्टा वाटली. आता अंधारात ते दोन शब्द त्याच्या डोक्यात फिरत राहिले. कुणास ठाऊक, तिने त्या पुस्तकाआड काय रंगवलं होतं. इतका वेळ का लागला होता? तो तिच्यासमोर उभा होता, चार फुटांवर, सरकारी कागदावर तिचा साक्षीदार म्हणून, आणि फ्रिजवरची चुंबकं बघत होता. ती काय भरतेय ते बघायचं नव्हतंच. पण ती कशी दिसत होती, हे त्याने बघायला हवं होतं. कुणीतरी त्याला आता विचारलं असतं, तुम्ही तिला बघितलंत का? तर त्याला चुंबकांची यादी देता आली असती.

सकाळी त्याने दाढी केली, कडक कॉलरचा शर्ट घातला आणि गाडी काढली. अंत्यविधीला घातलेला कोट खुंटीवर होता, तो सोडून त्याने दुसरा घेतला, का ते त्याचं त्याला सांगता आलं नसतं. तळ्यावरून वारा सुटला होता. इमारतीच्या दारातून रांग बाहेर आली होती, मुदतीआधी मत देणाऱ्यांची, साठ-सत्तर माणसं, पोरं कडेवर घेतलेल्या बायका, काठीवाले म्हातारे, कामावर जायच्या घाईतले लोक. सकाळी नऊला! पळपुटे, तो सवयीने मनात म्हणाला, पण शब्दाला धार आली नाही. त्याने रांगेला वळसा घातला आणि लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर गेला. लिफ्ट बरोबर मजल्याला थांबली.

काउंटरमागे तिशीतली एक मुलगी होती. गळ्यातल्या पट्ट्यावर नाव होतं, माई शोंग. त्याने कार्ड पुढे केलं. "अरे वा, आलात!" ती म्हणाली. "हे मीच लिहिलं होतं खाली. लोक कार्ड फेकून देतात हो, जाहिरात समजून." ती मागे गेली. मागे भिंतभर खण होते, वॉर्डावॉर्डाचे नंबर लावलेले, आणि खणांत पाकिटं, गच्च, उभी. रेडिओवरचा आकडा तो हाच. त्याने कधी कल्पनाच केली नव्हती की त्या आकड्याला जाडी असेल. माई शोंगने एक पाकीट आणून त्याच्यापुढे ठेवलं, आणि वर पेन.

डेल्फिनची सही रेघेवर सुरू होऊन रेघेखाली उतरत गेली होती. पहिला डी तेवढा नेहमीसारखा, पोट काढलेला. पुढची अक्षरं बारीक होत गेलेली, आणि मध्ये एके ठिकाणी पेन उचललेलं दिसत होतं. तिथे तिने श्वास घेतला असणार. त्याखाली त्याची सही. वाचता येत नव्हती. अशी सही त्याच्या हाताखालच्या कुणी केली असती, तर त्याने त्याला पुन्हा खड्ड्यात उतरवलं असतं. सहीच्या वर छापलं होतं, मी शपथेवर सांगतो की मतदाराने ही मतपत्रिका माझ्या समक्ष भरली. आणि पुढे पत्त्याची कोरी रेघ. त्याने पेन उचललं आणि लिहिलं, ३१४७ साउथ विल्बर रस्ता. एकेक अंक सुटा.

"झालं," माई शोंग म्हणाली. तिने तारीख घातली, आद्याक्षरं केली. "मिसेस शिमान्स्की नाही आल्या बरोबर?"

"नाही."

"बऱ्या आहेत ना?"

ती सहज विचारत होती. पाकिटाकडे बघत, पुढचा कागद ओढत. हाच तो प्रश्न, आणि त्याला इतका साधा चेहरा असेल असं त्याला वाटलं नव्हतं. आठ वर्षं त्याने या क्षणाची कात्रणं जमवली होती. असे लोक कोण असतात, त्यांना लाज कशी वाटत नाही, ते सरळ माणसाच्या डोळ्यांत बघून खोटं कसं बोलतात, हे त्याने ओरडून विचारलं होतं. खरं सांगायला दोन शब्द पुरत होते. ते शब्द त्याने गेल्या अकरा दिवसांत गॅसवाल्याला सांगितले होते, बँकेत सांगितले होते, दातांच्या डॉक्टरकडून आठवणीचा फोन आला त्या पोरीला सांगितले होते. ते सांगायची आता त्याला सवय झाली होती, आणि या सवयीचीच त्याला एकदम इतकी चीड आली की कानशिलं तापली. प्रत्येक खिडकीवर जाऊन तोच आपला तिला पुसून टाकत हिंडतोय. फोन लावल्याशिवाय जी बाई एका पोराला गैरहजर मांडायची नाही, तिला.

"बरी आहे," तो म्हणाला. "घरीच असते."

"त्यांना सांगा, पाकीट व्यवस्थित झालं. काळजी करू नका म्हणावं."

"सांगतो," नॉर्बर्ट म्हणाला.

तो हलला नाही. "ते रेडिओवर आकडा सांगतात," तो म्हणाला. "त्यात ही होती का? पत्ता नव्हता तेव्हा?"

"आलेल्यांमध्ये होती. आलेली वेगळी आणि मोजलेली वेगळी. मोजतात मंगळवारी." तिने पाकीट नेऊन एका खणात सरकवलं. त्याने नंबर बघितला. वॉर्ड अकरा. त्यांचाच.

लिफ्टची वाट न बघता तो जिन्याने उतरला, आणि दुसऱ्या मजल्यावर त्याला कठडा धरून थांबावं लागलं. यादी येणार, हे त्याला ठाऊक होतं. आज नाही तर सोमवारी. अंत्यसंस्कारवाल्याने आपोआप कळवलेलं असणार. मग हीच मुलगी, किंवा तिच्यासारखी दुसरी कुणी, त्या खणात बोटं घालून डेल्फिनचं पाकीट ओढून काढेल आणि बाजूला ठेवेल, आणि कदाचित हेही आठवेल तिला, की तो म्हातारा, घरीच असते म्हणाला होता. होऊ दे. बोलावू दे. तो येईल आणि सांगेल. जिवंत होती, माझ्यासमोर बसली होती, नाकात नळी होती, श्वास घ्यायला थांबत होती, आणि मी बघत नव्हतो, लिहून घ्या हे, मी बघत नव्हतो. तोंडातल्या तोंडात तो हे बोलत होता, आणि वर येणारी एक बाई त्याला वळसा घालून गेली. आणि यादी नाहीच आली, तर मंगळवारी ते फुटेल, मोजलं जाईल आणि त्याच्या मताला खोडेल. किंवा खोडणार नाही. कुणास ठाऊक. पण त्याचं मत तिथे असायला हवं. आत्ता. मंगळवारी चर्चच्या तळघरात एकट्याने नाही. तिचं पाकीट जोवर त्या खणात आहे, तोवर त्याचं त्याच खणात जायला हवं होतं.

तो रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. पुढचा टोपीवाला माणूस वळून म्हणाला, "पहिल्यांदाच का मुदतीआधी? मी पण. पोरगी म्हणाली, बाबा, एवढं काय त्या मंगळवारचं सोनं लागून गेलंय." "बायकोचं मत खोडायला आलोय," नॉर्बर्ट म्हणाला. टोपीवाला मोठ्याने हसला. "आमच्याकडे पण तेच हो! घरोघरी लढाई." पाऊण तास रांग सरकत होती आणि तेवढा वेळ तो माणूस बोलत होता, आणि नॉर्बर्टने त्याला एकदाही गप्प बस म्हटलं नाही.

आत त्याला मतपत्रिका मिळाली, आणि पाकीट, तसंच. त्यावर तीच शपथ, तीच साक्षीदाराची रेघ. टेबलापाशी एक स्वयंसेवक बाई बसली होती, सत्तरीची, गळ्यात चष्म्याची साखळी. "इथे बसून भरा, सर," ती म्हणाली. "साक्षीदार म्हणून मी सही करते." आणि सभ्य माणसं करतात तसं तिने तोंड खिडकीकडे वळवलं.

त्याने पेन उचललं आणि खाली ठेवलं.

"इकडे बघा," तो म्हणाला.

"गुप्त असतं ना ते, सर. मला बघता येत नाही."

"कागद नका बघू. मला बघा." त्याचा आवाज चढला होता, शेजारच्या टेबलावरची माणसं वळली. "साक्षीदार आहात ना तुम्ही? मग खिडकीत काय बघताय? मी इथे बसलोय. जिवंत आहे. हे बघा ना जरा!"

बाई दचकली. मग तिने चष्मा डोळ्यांवर चढवला, खुर्ची त्याच्याकडे वळवली, हात मांडीवर ठेवले आणि त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. "बघते," ती म्हणाली. "भरा तुम्ही. घाई नाही."

तो भरत होता तेवढा सगळा वेळ ती त्याच्याकडे बघत राहिली.